एक वावर पूर्वेकडे

सरकारी नोंदीप्रमाणे माझ्या आत्याने त्या वर्षी काहीही केलं नव्हतं. तिच्या साडेतीन एकरांत डोक्याएवढी पऱ्हाटी उभी होती. ती तिने निंदली, डवरली, फवारून घेतली, वेचायला बाया लावल्या, कापूस बोरी अरबच्या व्यापाऱ्याला घातला आणि त्यातून घरावरची टिनं बदलली. एवढं सगळं होऊन सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात तिच्या गटापुढे एकच शब्द छापून आला: पडीत.

कारण अगदी साधं होतं. पिकांची पाहणी पूर्वी तलाठी करायचा. तो ती चावडीत बसून करायचा, त्यामुळे चुका व्हायच्या, पण पीक नाहीसं व्हायचं नाही. फार तर ज्वारीच्या जागी मूग लिहिला जायचा. आता ही पाहणी शेतकऱ्याने स्वतः करायची असते. मोबाइलमध्ये त्यासाठी एक ॲप आहे. ते घेऊन आपल्या वावरात उभं राहायचं, गट नंबर निवडायचा, पिकाचं नाव निवडायचं, फोटो काढून पाठवायचा. मुदतीत पाठवला तर पीक आहे, नाही पाठवला तर जमीन पडीत. दरम्यान तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. काम कमी झालं आणि पद लांबलं. गावात त्याला अजून तलाठीच म्हणतात आणि तोही ओ देतो.

आत्याकडे तेव्हा बटणांचा फोन होता. त्यात फक्त तिच्या लेकीचा आवाज यायचा आणि तिला तेवढं पुरेसं होतं. कापूस-सोयाबीनचं अनुदान जाहीर झालं तेव्हा गावच्या यादीत तिचं नाव नव्हतं. हे तिने पचवलं. "आलं असतं तं खर्च झालं असतं," एवढंच म्हणाली. पण 'पडीत' हा शब्द तिला पचेना. तो कागद घेऊन ती यवतमाळला माझ्या घरी आली आणि चहाच्या आधी कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "पाह्य बरं, काय लिहून ठेवलं हे. वर्षभर मी काय वावरात झोपा काढून राह्यलती?"

तिचा राग नुसत्या शब्दावर नव्हता. आत्याचे यजमान त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. एकच मुलगी, ती कळंबला दिलेली. जमीन आत्याच्या नावावर चढली आणि लगेच तिच्या धाकट्या दिराने तहसिलीत हरकत घेतली. वहिनी एकटी आहे, वय झालं आहे, तिच्याने जमीन वाहणं होत नाही, जमीन पडीत राहते, तरी ही वडिलोपार्जित जमीन वहितीसाठी आपल्या ताब्यात द्यावी, असा तो अर्ज होता. वाहणं म्हणजे आमच्याकडे कसणं. सुनावणीच्या तारखा पडत होत्या. दिराजवळ पुरावा म्हणून काहीच नव्हतं, आणि मग सरकारनेच तो छापून दिला. पुढच्या वर्षीही त्या रकान्यात 'पडीत' आलं असतं, तर आत्याने उभ्या पिकात उभं राहून सांगितलं असतं तरी तहसिलीत कागदच खरा ठरला असता.

दीर तसा वाईट माणूस नव्हता. भावाच्या आजारपणात रात्रंदिवस त्यानेच केलं होतं. पण त्याचं वावर आत्याच्या वावराला लागून, पूर्वेला. एकेकाळी दोन्ही मिळून एकच होतं, आणि ते पुन्हा एक व्हावं असं त्याला मनापासून वाटायचं. मधल्या हद्दीला आमच्याकडे धुरा म्हणतात. एकमेकांच्या मयतीला अनवाणी धावणारी माणसं इथे धुऱ्याची वीतभर जागा सोडत नाहीत. यजमान गेले त्या उन्हाळ्यात दिराने नांगरटीत धुऱ्याचे दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन रेघा, आपल्याकडे ओढले. आत्याने चार माणसांत सांगितलं की याच्या वावरात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. काही सांगणं अगदीच भाग असलं तर ती दिराच्या देखत आपल्या बैलाला सांगायची. दीर उत्तरही बैलालाच द्यायचा. बैल दोन्ही बाजू सारख्याच शांतपणे ऐकून घ्यायचा. तहसिलीतल्या सुनावण्यांत मी इतका निःपक्ष माणूस पाहिला नाही.

पुढच्या पावसाळ्यात, पाहणीची मुदत संपायला आठ दिवस राहिले असताना, आत्याने मला बोलावून घेतलं. "इतकी पुस्तकं वाचली ना तुनं," ती म्हणाली, "मंग हे मोबाइलचं बी वाच."

आम्ही तिच्या वावरात गेलो. पऱ्हाटी छातीपर्यंत आलेली, बोंडं धरलेली. मी मध्यभागी उभा राहिलो, ॲप उघडलं, तिचा गट निवडला. फोनवर लाल अक्षरं आली: आपण निवडलेल्या गटापासून दूर आहात. पुढे अंतर दिलं होतं, आणि एक बाण पूर्वेकडे रोखलेला.

"काय म्हणते?" आत्याने विचारलं.

"म्हणते, आपण तुझ्या वावरात नाही."

"कोण म्हणते असं?"

"उपग्रह."

"तो कुठी राहते?"

"वर. आभाळात."

आत्याने वर पाहिलं. ढग होते. "तेवढ्या दूरून त्याले काय समजते," ती म्हणाली, "मी पायाखालची माती पाहून राह्यली."

बाणाच्या दिशेने आम्ही चालत गेलो. अंतर कमी होत गेलं आणि धुरा आला. पलीकडे दिराची तूर. त्याने त्या वर्षी सगळी तूरच पेरली होती. फोन म्हणत होता, अजून पुढे. आत्या धुऱ्याला थांबली ती थांबलीच. मी एकटा जाऊन येतो म्हटलं तर तेही तिला पटेना. आपल्या नावची पाहणी आणि आपण धुऱ्याच्या अलीकडे, हे कसं चालेल, असं तिचं म्हणणं. शिवाय दीर लांबून बघत होता. मग मी फोन एका लांब वेळूच्या टोकाला सुतळीने बांधला आणि धुऱ्यावरून तुरीत पुढे धरला. अंतर वेळूएवढंच कमी झालं. पलीकडून दिराने आमच्याकडे न बघता मोठ्याने आपल्या तुरीला विचारलं, "यवतमाळवाले काय मासे धरून राह्यले का वो इथं?"

उलगडा नाईकांनी केला. दिराच्या वावराच्या पूर्वेला त्यांचं सोयाबीन होतं. शेजारच्या तांड्याचे ते नाईक, म्हणजे प्रमुख. सत्तरीचे, अंगावर स्वच्छ पांढरं धोतर. आत्याला ते त्यांच्या बोलीत 'याडी' म्हणत, म्हणजे आई, जरी आत्या त्यांच्याहून चार वर्षांनी लहान असेल.

"याडी, तुमचंच नाही," ते धुऱ्यावर येऊन टेकत म्हणाले. "माह्या पोरानं काल पाहिलं. पूर्ण शिवार एक एक वावर सरकलं. तुमचं याच्या वावरात गेलं, याचं माह्या वावरात आलं."

"अन् तुमचं?"

"माहं नाल्यात हाय."

नाईकांच्या पलीकडे नालाच होता. सप्टेंबरात त्याला गुडघाभर पाणी असतं. आत्याच्या पश्चिमेला ई-क्लासची सरकारी पडीक जमीन. ती सरकून आत्याच्या पऱ्हाटीवर येऊन बसली होती. म्हणजे उपग्रहाच्या मते आत्या सरकारी जमिनीवर कापूस लावून बसली होती आणि स्वतःची जमीन तिने दिराकडून तूर पेरून घेतली होती.

मी तलाठ्याला फोन केला. तो भला माणूस होता, तीन गावांचा कारभार बघता बघता थकलेला.

"नकाशा सरकलाय, मला माहीत आहे," तो म्हणाला. "दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवलाय."

"कोणाकडे?"

"वर."

"तोवर काय करायचं?"

"तोवर बाण दाखवेल तिथे उभं राहायचं. सगळे तसंच करून राह्यले. फक्त मुदत चुकवू नका."

मी त्याला धुऱ्याची भानगड सांगितली. तो म्हणाला, "शेवटच्या दिवशी मोठे साहेब येणार आहेत, प्रात्यक्षिक दाखवायला. रस्त्याला लागून असलेलं वावर पाहिजे आणि महिला शेतकरी पाहिजे. तुमच्या आत्याचं नाव देऊन टाकू का? साहेबांसमोर काहीतरी निघेल."

काहीतरी निघेल, या आशेवर आपल्याकडे बरंच चालतं. आम्ही हो म्हटलं.

शेवटच्या दिवशी सकाळीच ई-क्लासच्या जमिनीवर मांडव पडला. खुर्च्यांना पांढरे अभ्रे, त्यांना मागे जांभळे बो बांधलेले. एका टेबलावर पितळी ताट, ताटात मोबाइल. मोबाइलला हळद-कुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. नारळ फोडला तेव्हा पाणी फोनवर उडालं, ते शिपायाने रुमालाने पुसलं. सत्कार झाले. ज्यांनी सत्कार केले त्यांचेही सत्कार झाले. आत्याला एक शाल मिळाली. सप्टेंबरच्या उकाड्यात ती शाल पांघरून पहिल्या रांगेत घामाघूम बसली होती आणि दीर शेवटच्या रांगेत, पण खुर्ची मात्र त्याने अशी लावली होती की आपली तूर नजरेत राहावी.

साहेब बोलायला उभे राहिले. पूर्वी शेतकरी सरकारकडे जात होता, ते म्हणाले, आज शेतकरी स्वतःच सरकार झाला आहे. आपली नोंद आपण करतो, आपले सत्य आपण लिहितो. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं, "मंग हे कायले आले?"

भाषण संपवून साहेब आत्याच्या पऱ्हाटीत उतरले. मागे शिपाई ताट घेऊन, त्याच्यामागे फोटोवाला, गळ्यात भोंगा अडकवलेला एक माणूस, आणि मग गाव. साहेबांनी ताटातला फोन उचलला, गट निवडला, आणि भोंग्यातून सगळ्यांना ऐकू येईल असं वाचायला लागले: "आपण निवडलेल्या गटापासून..." इथे ते थांबले. फोन बंद करून पुन्हा चालू केला. तलाठी त्यांच्या कानाशी लागला. साहेबांनी त्याला हाताने बाजूला केलं.

"उपग्रह चुकत नसतो," ते भोंग्यातून म्हणाले. "आपणच चुकीच्या जागी उभे असू."

आणि बाणाच्या दिशेने चालायला लागले. काळ्या मातीत बूट रुतत होते. धुरा त्यांनी सहज ओलांडला. त्यांना तो दिसलाही नसावा. दीर धावत आपल्या तुरीशी पोचला होता, पण ताट, शिपाई आणि साहेब पाहून त्याचे हात आपोआप जोडले गेले. तुरीच्या मध्यावर फोनने हिरवी खूण दाखवली. टाळ्या झाल्या.

"लाभार्थी कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

लाभार्थी धुऱ्याच्या अलीकडे शाल पांघरून उभी होती.

"बाई, इकडे या. फोटो काढायचा आहे."

"इथून काढा."

"इथून तुम्ही तुमच्या शेतात दिसत नाही."

"मी माह्याच वावरात उभी हाये. तुम्हीच दुसऱ्याच्या वावरात गेले."

लोक हसले. साहेबांना हसण्याचं कारण कळलं नाही, पण ते चिडले नाहीत. समजूत घालण्याचा त्यांना सराव असावा. "बाई, तुमचा गैरसमज होतोय," ते म्हणाले. "मी उभा आहे हे शेत तुमचंच आहे. हा बघा गट नंबर, हे तुमचं नाव. सरकार सांगतंय."

आत्या माझ्याकडे वळली. "काय म्हणून राह्यले हे?"

"ती तूर आहे ते वावर तुझं आहे म्हणतात."

"खरंच म्हणतात?"

"त्यांच्या फोनमध्ये तसं आहे."

तिने दिराकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्याईले म्हणा, भोंग्यातून सांगा. सगळ्याईले आयकू जाऊ द्या."

साहेबांनी सांगितलं. गट नंबर, क्षेत्र, आत्याचं संपूर्ण नाव, आणि हे शेत त्यांचं स्वतःचं असल्याचं त्यांनी भोंग्यातून दोनदा जाहीर केलं. पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. आत्याने लुगड्याचा काठ उचलला आणि धुरा ओलांडून तुरीत गेली. दिराच्या वावरात ती पाय ठेवणार नव्हती. आता ते दिराचं राहिलं नव्हतं. तुरीत उभी राहून तिने चारी बाजूंना मालकिणीसारखं पाहिलं, एक शेंडा हातात धरून सोडला आणि कोणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "दाट पेरली. म्या नसती पेरली एवढी दाट."

आता दिराचे जोडलेले हात सुटले. "साहेब, हे वावर माहं हाय."

"तुमचा गट?"

त्याने सांगितला. साहेबांनी बोट फिरवलं. "तुमचं शेत पुढे आहे."

"पुढं तं नाईकाचं हाय."

"नाईकांचं त्याच्या पुढे असेल."

"त्याच्या पुढं नाला हाय, साहेब."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "एकेक करून घेऊ," ते म्हणाले.

फोटो निघाला. आत्या, शाल, मागे तूर. साहेबांकडून फोन घेतलेल्या सहायकाने विचारलं, "पीक?"

"पऱ्हाटी," आत्या म्हणाली.

साहेबांनी हात वर केला. "बाई, फोटोत तूर दिसते आहे. जे दिसतं तेच भरायचं. पारदर्शकता म्हणतात ती हीच."

"साहेब," मी म्हटलं, "यांचा कापूस तिकडे आहे. आपण आत्ताच त्यातून चालत आलो. अनुदान कापूस आणि सोयाबीनलाच असतं."

"तो कापूस सरकारी जमिनीवर आहे," साहेब म्हणाले. "तो विषय आपण आज काढायला नको."

आत्याला अनुदानात रस नव्हता. तिने सहायकाला विचारलं, "तूर लिहिली तं 'पडीत' येत नाही ना?"

"नाही येत."

"अन् वाहते कोण, ते बी लिहितेत का?"

"हो. इथे येतं ना, खुद्द."

"खुद्द म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही स्वतः."

"मंग लिहा तूर."

साहेब चहाला मांडवात परतले, पण मुदतीचा शेवटचा दिवस असल्याने सहायक थांबला आणि गाव एक एक वावर पूर्वेकडे निघालं. दिराने नाईकांच्या सोयाबीनमध्ये उभं राहून फोटो काढला. जे दिसतं तेच भरायचं असा साहेबांचा ताजा हुकूम असल्याने त्याच्या नावावर सोयाबीन लागलं. सोयाबीनला अनुदान असतं हे त्याच्या लगेच लक्षात आलं असावं, कारण त्याने तुरीचं नावही काढलं नाही. राहिले नाईक. त्यांनी धोतर वर खोचलं, आपल्या वावरातली चार सोयाबीनची झाडं मातीसकट घमेल्यात घेतली आणि घमेलं छातीशी धरून नाल्याच्या पाण्यात उतरले. हिरवी खूण आली. सहायक काठावरून माहिती भरत होता.

"सिंचनाचा स्रोत?"

नाईकांनी पायाखाली पाहिलं. "पाहून राह्यला ना बाप्पा तू."

चुकीची नोंद दोन दिवसांत दुरुस्त करता यायची, पण त्यासाठी आत्याला पुन्हा त्याच तुरीत उभं राहावं लागलं असतं, आणि दिराने दुसऱ्याच सकाळी धुऱ्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या. आत्यालाही दुरुस्ती नको होती. महिन्याभराने सातबारा निघाला. तिने तो मला फोनवर वाचून दाखवला, एकेका अक्षरावर थांबत: तूर. खुद्द. अनुदानाच्या यादीत दीर होता, नाईक होते, आत्या नव्हती. तिचा खरा कापूस सरकारच्या हिशेबी नव्हताच. तो नेहमीप्रमाणे बोरी अरबच्या व्यापाऱ्याने नेला, त्याने काहीच विचारलं नाही.

फेब्रुवारीत दिराची तूर निघाली. चांगली झाली, दाट असूनही. व्यापारी जो भाव देत होते त्यापेक्षा सरकारचा हमीभाव बराच वर होता, म्हणून दीर नोंदणी करायला तालुक्याच्या खरेदी केंद्रावर गेला. तिथल्या मुलीने संगणकात पाहून सांगितलं, "काकाजी, तुमच्याकडे सोयाबीन आहे."

"सोयाबीन नाईकाचं. माही तूर हाय."

"सातबाऱ्यावर तूर नाही तुमच्या."

"मंग माही तूर गेली कुठी?"

तिने सगळ्या गावाची यादी वरखाली केली. "तुमच्या शेजारच्या गटात दिसते. या बाईंच्या नावावर."

हे सगळं मला नंतर नाईकांनी सांगितलं; तेही रांगेत होते. दीर तिथून उठून बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून होता म्हणे. मीही त्याच्या जागी बसलो असतो. पेच खरंच नाजूक होता. वहिनीची जमीन पडीत आहे, हा त्याचा तहसिलीतला अर्ज खरा धरला, तर तिच्या नावची तूर खोटी ठरत होती, आणि ती खोटी ठरली तर घरात पोत्यांनी भरून ठेवलेल्या तुरीला या जगात मालक उरत नव्हता. तूर हमीभावाने विकायची तर ती वहिनीची आहे, वहिनीने स्वतः वाहिलेल्या जमिनीतली आहे, हे मान्य करणं भाग होतं.

चार दिवस त्याने विचार केला. पाचव्या दिवशी, रविवारी, मी आत्याकडे बसलो असताना तो अंगणात आला. बैल गोठ्याच्या तोंडाशी बांधलेला होता. दीर त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला.

"विचार तिले," तो बैलाला म्हणाला, "तूर विकाले केंद्रावर येते का म्हणा. मशीनवर अंगठा लागते तिचा."

आत्या ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. "त्याले विचार," तीही बैलाला म्हणाली, "माही तूर त्याच्या घरात काहून हाय?"

बैलाचा नाद सोडून दीर माझ्याकडे वळला. "तुम्ही तं शिकलेले माणूस. सांगा तिले समजावून. पैसे तिच्या खात्यात आले का मले देऊन दे म्हणावं, बस."

"पैशाचं नाही," आत्या म्हणाली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे पाहून बोलली. "पैसे तुमचेच हायेत, एक रुपया ठेवत नाही मी. पण तहसिलीत तुम्ही काय लिहून देलं? मी वावर वाहत नाही, पडीत ठेवते. मंग पडीत वावरातून तूर कशी निघाली, हे मले कोणी पुसलं तं काय सांगू?"

"अर्ज मागं घेतो."

"लिहून?"

"लिहून."

दुसऱ्या दिवशी तहसिलीत अर्ज मागे घ्यायला मीच कागद लिहिला, कारण तिथल्या बाबूने कारण लिहिल्याशिवाय अर्ज मागे घेता येत नाही असं सांगितलं. मी लिहिलं: 'सदर जमीन पडीत नसून त्यात अर्जदाराच्या वहिनीने स्वतः तुरीचे पीक घेतलेले आहे.' त्या वाक्यात 'तुरीचे' एवढा एकच शब्द खोटा होता, आणि तो नसता तर बाकीचं खरं कोणी मानलं नसतं. दिराने सही केली. बाबूने सातबाऱ्याशी ताडून पाहिलं, तूर जुळली, शिक्का बसला.

मग आत्याच्या नावाने तुरीची नोंदणी झाली आणि केंद्रावरचा निरोप आठवड्याने आला. दिराने ट्रॅक्टर सांगितला. पोती ट्रॉलीत, पोत्यांवर आत्या, अंगावर तीच शाल. मी मोटारसायकलवर मागे. केंद्राच्या आवारात ट्रॉल्यांची रांग लागलेली, धान्य चाळायचं यंत्र धडधडत होतं. आमची पाळी आली तेव्हा दुपार टळली होती. माल तपासणारा तरुण होता, तोंडाला रुमाल बांधलेला. त्याने पोत्यात नळी खुपसून मूठभर तूर काढली आणि कागद पाहिला.

"आजी, माल तुमचाच ना?"

आत्या दिराकडे पाहत राहिली. दीर पोत्याचं तोंड बांधत होता. सुतळीची गाठ त्याला काही केल्या बसेना.

"तिचाच हाय," तो गाठीकडे पाहत म्हणाला.

"काय?" यंत्राच्या आवाजात त्या तरुणाला ऐकू गेलं नव्हतं.

दिराने मान वर केली आणि मोठ्याने सांगितलं, "तिचाच हाय. वहिनीच वाहते ते वावर."

रांगेतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. आमच्याच गावचे होते. त्या तरुणाला यात काही विशेष वाटलं नाही. तो हा प्रश्न सगळ्यांनाच विचारत होता. त्याने तूर ओलावा मोजायच्या यंत्रात ओतली, आकडा पाहिला आणि मान हलवली.

"ओलावा जास्त आहे. दोन तास उन्हात पसरा, मग आणा."

"साहेब, ट्रॅक्टर भाड्यानं आणला हाय," दीर म्हणाला. "घ्या ना असंच."

"माल त्यांचा आहे ना? त्यांना विचारा."

आत्या ट्रॉलीवरून खाली उतरली, शाल काढून माझ्या हातात दिली आणि आवारात ऊन कुठे राहिलं आहे ते पाहिलं. "पसरवा तिकडं," ती दिराला म्हणाली. "मले घाई नाही."

ताडपत्री अंथरून त्याने पोती ओतली. आत्या कडेला पाय लांब करून बसली आणि तो अनवाणी, पायानेच तूर पालटत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरायला लागला.